धरण भरले, पण जागा किती उरली?

पावसाळा रंगात आला की वर्तमानपत्रात एक चौकट हमखास दिसू लागते. अमुक धरण साठ टक्के भरले, तमुक ऐंशी टक्के भरले, असे आकडे तिच्यात असतात. आकडा शंभरावर पोचला की जलाशयाला खणानारळाची ओटी वाहिली जाते, जलपूजनाची छायाचित्रे छापून येतात आणि वर्षाची चिंता मिटली म्हणून माणसे समाधान मानतात. वाशीमसारख्या जिल्ह्यात, जिथे पावसाने दडी मारली की मार्च महिन्यापासून टँकरची वाट पाहावी लागते, तिथे हा आनंद अगदी स्वाभाविक आहे. परंतु विज्ञानाच्या विद्यार्थ्याने ही चौकट वाचताना आणखी एक प्रश्न विचारायला शिकले पाहिजे. धरणात पाणी किती आले, हे तर खरेच. पण जागा किती उरली?

नदीकाठच्या गावांचे भवितव्य पुष्कळदा या दुसऱ्या आकड्यावर अवलंबून असते. धरणातील रिकामी जागा वाया गेलेली नसते. ती पुरापासून संरक्षण देणारी ठेव असते आणि साठलेल्या पाण्याइतकाच तिचाही जाहीर हिशोब ठेवला गेला पाहिजे, असे माझे मत आहे. ते का, हे आपण क्रमाने पाहू.

दोन उतारांचा जिल्हा

वाशीम जिल्ह्याचा नकाशा समोर घ्या. अजिंठ्याच्या डोंगररांगेचा पूर्वेकडचा भाग या जिल्ह्यातून जातो आणि जलविभाजक म्हणून काम करतो. वाशीमजवळच्या काटा गावच्या परिसरात काटेपूर्णा नदी उगम पावते आणि उत्तरेकडे वळते. अकोला जिल्ह्यात महान येथे तिच्यावर धरण आहे. तिथून ती पूर्णेला मिळते, पूर्णा चांगदेवजवळ तापीला मिळते आणि ते पाणी पुढे हतनूर व उकाई ही धरणे ओलांडून सुरतेपाशी अरबी समुद्राला जाते.

याच डोंगराच्या दुसऱ्या अंगाला पडलेल्या पावसाची दिशा अगदी उलट असते. रिसोड आणि वाशीम तालुक्यांतून वाहणारी पैनगंगा, तसेच अडाण आणि अरुणावती या नद्या दक्षिण व पूर्व दिशांना जातात. पैनगंगेवर वाशीमच्या खाली इसापूरचे मोठे धरण आहे. त्याचा उपयुक्त साठा सुमारे ९६४ दशलक्ष घनमीटर, म्हणजे ३४ टीएमसी इतका आहे. पैनगंगा पुढे वर्धेला मिळते आणि वर्धा, प्राणहिता, गोदावरी असा प्रवास करीत ते पाणी बंगालच्या उपसागराला पोचते.

एकाच डोंगरावर एकाच सरीत पडलेले दोन थेंब अशा रीतीने दोन वेगळ्या समुद्रांना जातात. वाटेत त्यांना अनेक धरणे लागतात आणि प्रत्येक धरणावर कोणीतरी अधिकारी ठरवीत असतो की हे पाणी ठेवायचे की सोडायचे. तेव्हा धरणाचे परिचालन हा सह्याद्रीतल्या नद्यांपुरता विषय आहे, असे वाशीमच्या विद्यार्थ्याने समजू नये.

डोंगरी नदीचा स्वभाव

डोंगरातून येणारी नदी उतावळी असते. उतार तीव्र, माती पातळ आणि खाली काळा बेसाल्ट खडक, यामुळे जोरदार सरीचे पाणी मुरायला वेळच मिळत नाही. ओढे-नाले काही तासांत भरतात आणि नदीची पातळी झपाट्याने चढते. सह्याद्रीत हे फार ठळकपणे दिसते, कारण तिथे पाऊसही प्रचंड पडतो. कोयना नदी महाबळेश्वरला उगम पावते. त्या महाबळेश्वरात २२ व २३ जुलै २०२१ दरम्यान चोवीस तासांत ५९४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. वाशीमला वर्षाचा पाऊस साधारण आठशे-नऊशे मिलिमीटर पडतो, हे लक्षात घेतले म्हणजे या आकड्याचा अर्थ समजेल.

आता थोडा हिशोब करू. एक चौरस किलोमीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला तर १,००० घनमीटर, म्हणजेच दहा लाख लिटर पाणी जमते. कोयना धरणाचे पाणलोट क्षेत्र सुमारे ८९२ चौरस किलोमीटर आहे. त्यावर सर्वत्र १०० मिलिमीटर पाऊस पडला आणि सगळे पाणी धरणात आले असे धरले, तर ८ कोटी ९२ लाख घनमीटर पाणी जमेल. एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट, अर्थात सुमारे २ कोटी ८३ लाख घनमीटर. तेव्हा हे पाणी ३ टीएमसीहून थोडे अधिक झाले. कोयनेची साठवणक्षमता सुमारे १०५ टीएमसी आहे. अशा पावसाचे चार-पाच दिवस लागोपाठ आले, तर एवढ्या प्रचंड धरणाचाही सातवा हिस्सा भरून जातो. धरणात ९५ टीएमसी पाणी आधीच असेल, तर पुढे काय होईल ते सांगायला नको.

धरण पूर आणते काय?

मोठा पूर आला की लोकांच्या तोंडी एकच वाक्य असते: ‘धरणाचे पाणी सोडले म्हणून पूर आला.’ अभियंते उलट सांगतात की धरण पाणी निर्माण करीत नाही. धरण नसते तर तोच पूर आला असता. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे आणि दोन्ही विधाने अपुरी आहेत. एका कल्पित उदाहरणाने हे स्पष्ट होईल.

समजा, एका डोंगरी नदीवर धरण आहे. धरणाखालच्या पात्रातून ४० हजार क्युसेक पाणी गावांना धक्का न लावता जाऊ शकते. क्युसेक म्हणजे दर सेकंदाला एक घनफूट. आता दोन दिवस सतत पाऊस झाला आणि धरणात दर सेकंदाला एक लाख घनफूट पाणी येऊ लागले. एका दिवसात ८६,४०० सेकंद असतात. म्हणून एक लाख क्युसेकने एका दिवसात ८.६४ टीएमसी आणि दोन दिवसांत १७.२८ टीएमसी पाणी येईल. याच दोन दिवसांत ४० हजार क्युसेकने आपण सुमारे ६.९ टीएमसी सुखरूप सोडू शकतो. उरलेले जवळजवळ १०.४ टीएमसी पाणी धरणाने पोटात घेतले पाहिजे.

धरणात ११ टीएमसी जागा मोकळी असेल, तर खालच्या गावांना पूर आल्याचे कळणारही नाही. धरण काठोकाठ भरलेले असेल, तर आलेले एक लाख क्युसेक तसेच्या तसे सोडावे लागेल आणि धरण असून नसल्यासारखे होईल. तिसरी शक्यता अधिक विचार करण्यासारखी आहे. जागा ५ टीएमसी असेल, तर पहिल्या दिवशी सारे शांत राहील. ४० हजार क्युसेक चालू आहे, नदी पात्रात आहे, म्हणून लोक निर्धास्त झोपतील. पण दर दिवशी सुमारे ५.२ टीएमसी पाणी साठत असल्यामुळे चोवीस तास पुरे होण्याच्या आतच ती जागा संपेल आणि विसर्ग ४० हजारांवरून थेट एका लाखावर न्यावा लागेल. पाणी तेवढेच आले. परंतु नैसर्गिक पूर पायरीपायरीने चढला असता, तो इथे एकाएकी चढला आणि कदाचित रात्रीच्या वेळी चढला.

यावरून असे दिसते की धरण पाणी वाढवत नाही, मात्र पाण्याची वेळ बदलते. वेळ नीट साधली तर धरण तारते आणि चुकली तर पुरापेक्षाही पुराचा अचानकपणा माणसांना मारतो. शिवाय धरण झाल्यावर नदी वर्षानुवर्षे पात्राबाहेर येत नाही. मग काठावर घरे, दुकाने, गोठे उभे राहतात. धरणाने दिलेल्या सुरक्षिततेच्या भावनेतूनच पुढच्या पुरातील हानी वाढते.

इथे १२ जुलै १९६१ च्या पुण्याच्या महापुराची आठवण होणे साहजिक आहे. पण तो प्रसंग वेगळा होता. पानशेत धरणाचे काम पुरे होण्याच्या आत जलाशय भरला, धरण फुटले आणि त्या लोंढ्याने खालचे जुने खडकवासला धरणही फोडले. तो बांधकामाचा प्रश्न होता. आपण बोलत आहोत ते भक्कम उभ्या असलेल्या धरणाच्या वापराविषयी.

सांगली आणि सुरत

ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीला आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांवर गेली. तिथली धोक्याची पातळी ४५ फूट आहे. कोयनेतून लाखाहून अधिक क्युसेक पाणी सोडले जात होते आणि त्याच वेळी धरणांच्या खालच्या, कोणत्याही धरणाने न अडवलेल्या मोकळ्या पाणलोट क्षेत्रातही मुसळधार पाऊस कोसळत होता. वारणा आणि पंचगंगा याही नद्या भरून वाहत होत्या. या महापुरानंतर राज्य शासनाने जलतज्ज्ञ नंदकुमार वडनेरे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली आणि तिचा अहवाल २०२० मध्ये सादर झाला. एका धरणाकडे बोट दाखवून अशा पुराचा उलगडा होत नाही. धरणात जागा किती होती, मोकळ्या क्षेत्रात पाऊस किती पडला, नदीपात्र किती आक्रसले होते, हे सारे एकत्र मांडावे लागते.

ऑगस्ट २००६ मध्ये तापीच्या खोऱ्यात जोरदार पाऊस झाला. उकाई धरणातून सुमारे नऊ लाख क्युसेकपर्यंत पाणी सोडावे लागले आणि सुरत शहराचा बहुतांश भाग बुडाला. पाऊस येण्याआधी धरणात किती जागा मोकळी ठेवायला हवी होती, यावर पुढे पुष्कळ वाद झाला. वाशीमच्या उत्तर उतारावरचे पाणीही याच नदीला मिळते, हे आपण वर पाहिलेच.

अभियंत्यापुढचा पेच

मग सगळी धरणे पावसाळ्यात अर्धी रिकामी ठेवा, असे म्हणणे सोपे आहे. पण त्याची किंमतही मोजून पाहू. वरच्या उदाहरणात ५ टीएमसी जागा असताना हवामान खात्याने दोन दिवस आधी अतिवृष्टीचा इशारा दिला, असे धरा. अभियंत्याने धीर करून दोन दिवस ४० हजार क्युसेकने पाणी सोडले, तर आणखी ६.९ टीएमसी जागा मोकळी होईल आणि पूर टळेल. परंतु पाऊस आलाच नाही तर? ढग शंभर किलोमीटर अलीकडे किंवा पलीकडे सरकले तर?

सन २०११ च्या जनगणनेनुसार वाशीम जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे १२ लाख होती. माणशी दररोज ५५ लिटर धरले, तर एवढ्या लोकांना वर्षाला सुमारे २ कोटी ४१ लाख घनमीटर, म्हणजे ०.८५ टीएमसी पाणी लागते. तेव्हा चुकीच्या अंदाजावर सोडलेले ६.९ टीएमसी पाणी म्हणजे साऱ्या जिल्ह्याचे आठ वर्षांचे घरगुती पाणी झाले! पाणी सोडले आणि पाऊस आला नाही, तर उन्हाळ्यात शेतकरी त्या अभियंत्याला जाब विचारणार. सोडले नाही आणि पाऊस आला, तर नदीकाठचे लोक विचारणार. आपल्याकडे पहिल्या चुकीची भीती अधिक असते, कारण रिकामे धरण सर्वांना दिसते. टळलेला पूर मात्र कोणालाच दिसत नाही. म्हणून कल नेहमी धरण लवकर भरून घेण्याकडे राहतो.

हा पेच एका माणसाच्या धैर्यावर सोडणे मला योग्य वाटत नाही. त्यासाठी नियम हवा आणि तसा तो असतोही. त्याला जलाशय परिचालन सूची म्हणतात. जूनपासून ऑक्टोबरपर्यंत कोणत्या तारखेला धरणात जास्तीत जास्त किती पाणी असावे, हे त्या सूचीत ठरवलेले असते. जुलैत बरीच जागा मोकळी, ऑगस्टमध्ये कमी आणि पाऊस परतीला लागताना धरण पूर्ण भरलेले, असा तिचा क्रम असतो. मात्र ही सूची खालच्या गावांतील किती जणांनी पाहिली असेल? आणि पाऊस लांबण्याची धास्ती वाटू लागली की तिचे काटेकोर पालन करण्याचा आग्रह किती जण धरतील?

महाराष्ट्रातील बहुतेक धरणे सिंचन, वीज आणि पिण्याचे पाणी यांसाठी बांधली गेली. पुरासाठी वेगळा राखीव कप्पा त्यांच्यात नसतो. दामोदर खोऱ्यातील मैथन व पंचेत या धरणांची आखणी करताना मात्र पूरनियंत्रण हा एक प्रमुख हेतू होता. ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनच्या वरच्या अंगाला असलेल्या विव्हेनहो धरणात तर पिण्याच्या पाण्याचा साठा ‘शंभर टक्के’ भरला, तरी त्यावर तेवढीच किंवा त्याहून मोठी जागा फक्त पुरासाठी राखलेली असते. तरीही जानेवारी २०११ मध्ये ब्रिस्बेनला पूर आलाच आणि पाणी केव्हा सोडायला हवे होते हा वाद न्यायालयापर्यंत गेला. म्हणजे राखीव जागा असली तरी निर्णयाची अडचण पूर्णपणे सुटत नाही. ती कमी होते, इतकेच.

बंधाऱ्याचे शहाणपण

आपल्या ग्रामीण भागात या बाबतीत एक चांगला धडा डोळ्यांसमोरच आहे. कोल्हापूर पद्धतीचा बंधारा तुम्ही पाहिला असेल. पावसाळ्यापूर्वी त्याचे बर्गे काढून घेतात. गाळाने भरलेला पुराचा लोंढा खांबांमधून निघून जातो. पाऊस ओसरू लागला की बर्गे बसवतात आणि शेवटचे स्वच्छ पाणी अडवतात. पहिले पाणी नदीचे, शेवटचे आपले, हे साधे तत्त्व त्यात आहे. मोठ्या धरणाला ते जसेच्या तसे लागू पडत नाही, पण त्यातील संयम शिकण्यासारखा आहे.

याच्या उलट टोकाला स्वयंचलित दरवाजे आहेत. सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी १९०३ मध्ये खडकवासल्याला असे दरवाजे बसवले. राधानगरी धरणावरही सात स्वयंचलित दरवाजे आहेत. जलाशय भरला की ते आपोआप उघडतात. यंत्र म्हणून ही रचना अतिशय चतुर आहे. परंतु असा दरवाजा आजची पातळी ओळखतो. उद्याचा पाऊस त्याला ठाऊक नसतो. लहान तलावांचे तर याहून सोपे आहे. त्यांना दरवाजाविना मुक्त सांडवा असतो आणि भरल्यावर पाणी त्यावरून वाहू लागते. तिथे निर्णय घेणारा कोणी नाहीच. म्हणून जिथे माणसाच्या हाती दरवाजा आहे, तिथे त्या माणसाने पातळीबरोबर अंदाजही पाहिला पाहिजे, ही अपेक्षा रास्त ठरते.

काय व्हावे?

तीन गोष्टी मला आवश्यक वाटतात. पहिली, धरणाच्या रोजच्या आकड्यांत भरलेल्या टक्क्यांच्या शेजारी दोन आकडे छापले जावेत: आजच्या तारखेला सूचीप्रमाणे साठा किती असायला हवा आणि मोकळी जागा किती टीएमसी आहे. मग साठा सूचीच्या वर गेला की कोणताही जागरूक नागरिक प्रश्न विचारू शकेल. पुराच्या भीतीने सूचीप्रमाणे पाणी सोडणाऱ्या अभियंत्यालाही लोकांचा आधार मिळेल.

दुसरी, इशारा लोकांच्या भाषेत असावा. ‘विसर्ग ३५ हजार क्युसेक करण्यात येत आहे’ या वाक्याचा अर्थ नदीकाठच्या आजीबाईंना काय कळणार? २५ जुलै २०२४ च्या पहाटे खडकवासल्यातून सुमारे एवढाच विसर्ग झाला आणि पुण्यात सिंहगड रस्त्यावरील एकतानगरीत घरांमध्ये पाणी शिरले. वेळेवर सूचना मिळाली नाही, अशी तक्रार तेथील रहिवाशांनी केली. त्याऐवजी ‘सहा तासांत पाणी देवळाच्या तिसऱ्या पायरीला लागेल’ असा इशारा मिळाला तर गोठ्यातली जनावरे आधी सुटतील. कोणत्या विसर्गाला पाणी कुठवर येते, हे मोजून ठरवणे मुळीच अवघड नाही.

तिसरी गोष्ट पूररेषेची. नदीकाठी निळी आणि लाल अशा दोन पूररेषा आखल्या जातात. निळ्या रेषेच्या आत घर बांधू देणे म्हणजे धरणातील मोकळ्या जागेने मिळवलेली सुरक्षितता जमिनीच्या तुकड्यांत विकून टाकणे होय. नदीला पसरायला जागा उरली नाही, तर धरणात कितीही जागा ठेवली तरी ती अपुरीच पडेल.

शाळांसाठी काम

शिक्षकांना एक विनंती आहे. इंचाचे आणि मिलिमीटरचे कोष्टक पाठ करून घेण्यापेक्षा शाळेच्या आवारात एक पर्जन्यमापक बसवा. जून ते ऑक्टोबर रोज सकाळी साडेआठ वाजता विद्यार्थ्यांनी पावसाची नोंद करावी. जवळच्या पुलाच्या खांबावर रंगाने फुटांच्या खुणा करून घ्या. अर्थात त्या कामासाठी ग्रामपंचायतीची परवानगी आणि मोठ्या माणसाची सोबत हवी, आणि पूर असताना पाण्याजवळ मुळीच जायचे नाही, पातळी दुरूनच वाचायची. पाऊस पडल्यानंतर किती तासांनी पाणी चढते, हे दोन-तीन पावसाळ्यांत तुमच्या लक्षात येईल. गावातील वृद्धांना जुन्या पुरांची पाणी लागलेली ठिकाणे विचारा आणि नकाशावर मांडा. काटेपूर्णेच्या काठची शाळा असो, पैनगंगेच्या काठची असो किंवा अडाणच्या काठची, पाच वर्षांनी अशी वही गावाच्या फार उपयोगी पडेल.

आणि पुढच्या पावसाळ्यात धरण भरल्याची बातमी आली म्हणजे आनंद अवश्य माना. फक्त त्याच वेळी कागद-पेन्सिल घेऊन शंभरातून तो आकडा वजा करा, उरलेल्या जागेचे टीएमसी काढा आणि ती जागा किती तासांच्या पावसाने भरेल याचा अंदाज बांधा. हे गणित आठवीच्या मुलालाही करता येते. ते घरोघरी होऊ लागले, तर धरणाच्या दरवाजापाशी उभ्या असलेल्या माणसाला योग्य वेळी योग्य निर्णय घेणे पुष्कळच सोपे जाईल.